दोन दातांमधली जागा

'खिलाल' हा शब्द आमच्या घरांत दोन कामांसाठी वापरतात. वजू करताना हातापायांच्या बोटांच्या बेचक्यांतून ओली बोटं फिरवायची, दाढी असेल तर तिच्यातूनही फिरवायची, हा एक खिलाल. जेवण उरकल्यावर काडीने दातांत अडकलेलं काढायचं, हा दुसरा. अरबीत या शब्दाच्या मुळाशी दोन वस्तूंमधली फट, मधली जागा असा अर्थ आहे. पाणी वरून वाहून गेलं म्हणजे धुणं झालं असं नव्हे, ते सांदीत पोचलं पाहिजे, एवढी समज त्या एका शब्दात आहे. लग्नाच्या दावतीत दस्तरखान उचलला की एका बशीत बडीशेप आणि दुसऱ्या बशीत कडुनिंबाच्या काड्या फिरत. वडीलधारी माणसं तोंडावर हात धरून, मान जराशी वळवून खिलाल करत. त्यातही एक अदब होती. आता प्लास्टिकच्या डबीतून बांबूच्या टोकदार काड्या येतात आणि तरुण पोरं त्या ओठात धरून मोटरसायकलवर बसतात, तो भाग वेगळा.

पण काडी वेगळी आणि दोरा वेगळा. दातांच्या फटींतून रोज दोरा फिरवायचा असतो, हे आमच्या मिरजेच्या मोहल्ल्यात माझ्या पिढीच्या कोणाला ठाऊक नव्हतं. दोरा म्हटलं की आम्हाला पतंगाचा मांजा आठवे, नाहीतर पोराच्या दंडाला बांधलेला तावीज. 'फ्लॉस' हा शब्द आमच्या घरात आला तो मागच्या पावसाळ्यात, माझ्या पत्नीच्या हिरड्यांच्या निमित्ताने.

तिला साखरेचा आजार होऊन ११ वर्षं झाली. मलाही आहे, पण माझा अलीकडचा. गेलं वर्षभर सकाळी दात घासताना तिच्या चुळीचं पाणी गुलाबी येत होतं. ती कोणाला सांगत नव्हती. मोरीतल्या पांढऱ्या फरशीने सांगितलं. मिरज हे दवाखान्यांचं गाव, दातांचे डॉक्टर तर प्रत्येक चौकात; त्यातल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी तपासलं, दोन बैठकांत दातांवरचं कीटण काढलं आणि म्हणाल्या, "चाची, आता पुढचं काम तुमच्या हातात आहे. रोज रात्री झोपण्याआधी हा दोरा दातांमधून फिरवायचा." त्यांनी आरशासमोर उभं करून दाखवलंही. ५० मीटरचं रीळ घेऊन आम्ही घरी आलो.

तिसऱ्या रात्री पत्नी आरशापासून परत आली आणि रीळ माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "खून आताय जी. नक्को मेरेकू ये धागा."

त्याच आठवड्यात पुण्याहून मुलीचा फोन आला. तिला हे कळल्यावर ती म्हणाली, "अब्बा, तिकडे अमेरिकेतच सांगितलंय ना, फ्लॉसचा काही उपयोग नाही म्हणून? मागेच बातमी आली होती." फोन स्पीकरवर होता. पत्नीने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू कोर्टाने तिच्या बाजूने निकाल दिला.

मी ३४ वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. 'अमेरिकेत सांगितलंय' एवढ्यावर माझं समाधान होत नाही आणि 'डॉक्टरांनी सांगितलंय' एवढ्यावरही होत नाही. शिवाय इथे गोष्ट नुसत्या कुतूहलाची नव्हती. साखरेच्या रुग्णाच्या हिरड्या बिघडल्या तर पुढे काय होतं ते मी एकदा घरात पाहिलेलं आहे. त्याकडे येईनच. आधी त्या बातमीचं.

बातमी खरी आहे, पण ती अर्धी होती. अमेरिकेचं सरकार दर पाच वर्षांनी नागरिकांसाठी आहाराविषयी एक मार्गदर्शन काढतं. दातांमधून दोरा फिरवण्याची सरकारी शिफारस तिथे १९७९ पासून होती, नंतर ती या आहाराच्या पुस्तिकेतही आली. या शिफारशींना शास्त्रीय आधार असला पाहिजे, असा तिथला कायदा. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने २०१५ साली सरकारला विचारलं, की दोऱ्याच्या शिफारशीला आधार काय? त्यानंतरची पुस्तिका आली तेव्हा तिच्यात दोऱ्याचा उल्लेखच नव्हता. काही न सांगता वगळला होता. या वृत्तसंस्थेने मागच्या दहा वर्षांतले २५ अभ्यास तपासले आणि ऑगस्ट २०१६ मध्ये छापलं, की पुरावा कमकुवत आहे. झालं. जगभरच्या आळशी माणसांनी सुटकेचा श्वास टाकला. दोनच दिवसांत तिथल्या आरोग्य खात्याने खुलासा केला, की दातांमधली स्वच्छता महत्त्वाचीच आहे, पुस्तिका फक्त आहारापुरती होती म्हणून तो विषय घेतला नाही. पण खुलाशाला बातमीइतके पाय कधी असतात?

आपल्याकडे कोर्टात माणूस दोन तऱ्हांनी सुटतो. एक निर्दोष म्हणून आणि दुसरा पुराव्याअभावी. दुसऱ्या तऱ्हेने सुटलेल्याकडे गाव कसं पाहतं ते सांगायला नको. दोऱ्यावरचा खटला उलटा चालला. त्याचा उपयोग होतो हे नीट सिद्ध झालं नाही, आणि लोकांनी त्याचा अर्थ घेतला, उपयोग होत नाही हे सिद्ध झालं. या दोन वाक्यांमध्ये एका दाढेएवढी जागा आहे.

मग सिद्ध काय झालंय? औषधोपचारांवरचे अभ्यास गोळा करून त्यांची कसून छाननी करणारी कॉक्रेन नावाची संस्था आहे. तिने २०११ साली १२ अभ्यास एकत्र पाहिले. नुसत्या ब्रशपेक्षा ब्रश आणि दोरा मिळून हिरड्यांची सूज थोडी कमी होते, असा काही पुरावा त्यांत दिसला. दातांवरचा चिकट थर कमी होतो का, याचा पुरावा मात्र फार अविश्वसनीय निघाला. आणि दात किडायचे थांबतात का, हे तर त्या बारांपैकी एकाही अभ्यासाने तपासलं नव्हतं. २०१९ साली पुन्हा छाननी झाली, या वेळी ३५ अभ्यास आणि ३,९२९ माणसं. निष्कर्ष साधारण तसाच. दोऱ्याने हिरड्यांना फायदा होत असावा, पण खात्री कमी. आणि एक नवी गोष्ट, दातांच्या फटींत घालायचे बारीक ब्रश असतात, ते दोऱ्यापेक्षा सरस असू शकतील.

'असावा', 'असू शकतील'. वर्गात मुलांनी अशी उत्तरं लिहिली असती तर मी अर्धा गुण कापला असता. पण प्रामाणिक विज्ञान पुष्कळदा याच क्रियापदांत बोलतं.

पुरावा इतका पातळ का, हे समजून घेण्यासारखं आहे. बहुतेक अभ्यास थोड्या आठवड्यांचे किंवा फार तर काही महिन्यांचे. दात किडायला वर्षं लागतात, दाताच्या मुळाभोवतीचं हाड झिजायलाही वर्षं लागतात. दहा वर्षं हजार माणसांना रोज दोरा फिरवायला लावायचं, दुसऱ्या हजारांना मनाई करायची आणि सगळे ते इमानदारीने पाळताहेत हे पाहायचं, याला पैसा कोण देणार? आणि दुसरी अडचण त्याहून मोठी. माणसं 'दोरा फिरवतो' म्हणतात, पण नीट फिरवतात का?

इथे मला अभ्यासांपैकी सगळ्यात आवडलेला एक सांगावासा वाटतो. ४ ते १३ वर्षांच्या मुलांवर झालेल्या सहा प्रयोगांचा आढावा २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यांत शाळेच्या प्रत्येक दिवशी प्रशिक्षित माणसाने स्वतःच्या हाताने मुलांच्या दातांमधून दोरा फिरवला, असं सुमारे पावणेदोन वर्षं चाललं, तिथे दातांच्या मधल्या बाजू किडण्याचा धोका ४० टक्क्यांनी कमी झाला. तेच काम तीन महिन्यांतून एकदा केलं तर काही फरक नाही. आणि मोठ्या मुलांवर सोपवून दिलं, तुमचं तुम्ही करा म्हणून, तर दोन वर्षांनीही फरक नाही. दोरा तोच, हात वेगळे.

मिरजेच्या माणसाला यात नवल वाटू नये. आमच्या गावात पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे आणि सतारी बनतात, आणि बनवणारी घरं बहुतेक आमच्याच समाजातली. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली एक सुती दोरा सरकवतात. तो बरोबर जागी बसला की तार बोलू लागते, सूर फुलतो; केसभर मागेपुढे झाला की तीच तार मुकी. लहानपणी मी कारागिरांना तो दोरा सरकवताना तासन्‌तास पाहिलंय. कोणी शिकाऊ पोराने तो कसातरी कोंबला आणि तंबोरा बोलला नाही, तर दोरा निरुपयोगी आहे असं तिथे कोणी म्हणत नसे. पोराला बाजूला सारत.

दातातल्या दोऱ्याची रीतही तशीच नाजूक. साधारण हातभर, ४५ सेंटिमीटर तुकडा घ्यायचा, दोन्ही मधल्या बोटांना गुंडाळायचा, करवतीसारखा हलवत फटीत उतरवायचा. एकदम दाबला तर हिरडी कापते. उतरल्यावर एका दाताला इंग्रजी 'सी' अक्षरासारखा वेढा द्यायचा, हिरडीच्या कडेखाली किंचित नेऊन वरखाली पुसायचं, मग शेजारच्या दाताला तसंच. अन्नाचा कण काढणं हे त्याचं खरं काम नाही. ते काडीनेही निघतं. दोऱ्याने पुसायचा तो डोळ्यांना न दिसणारा जंतूंचा चिकट थर. मागच्या दाढेला पाच बाजू असतात: गालाकडची, जिभेकडची, चावण्याची आणि शेजाऱ्यांना टेकलेल्या दोन. ब्रश कितीही भारी असो, पहिल्या तिन्हींवर फिरतो. उरलेल्या दोन त्याच्या वाटेला येत नाहीत. मिसवाकचंही तेच. पीलूच्या झाडाची ती काडी दातांचे दिसणारे भाग उत्तम साफ करते, जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली तिच्या वापराला उत्तेजन दिलं होतं. पण घट्ट बसलेल्या दोन दाढांच्या मध्ये तीही शिरत नाही.

हे काही आजचं ज्ञान नाही. न्यू ऑर्लिन्सच्या पार्मली नावाच्या दंतवैद्याने १८१९ च्या आपल्या पुस्तकात मेण लावलेला रेशमी दोरा दातांमधून फिरवायला सांगितलं होतं. त्याच शहरातल्या डॉक्टर बास यांनी १९४० च्या दशकात रेशमाऐवजी नायलॉन आणलं. म्हणजे दोनशे वर्षं माणसं हे करताहेत, आणि कोणी नीट मोजलं नव्हतं. मोजायला सांगितलं ते एका बातमीदाराने. त्याबद्दल त्याचे आभारच मानले पाहिजेत.

तो जंतूंचा थर साचू दिला तर काय होतं, हे मात्र मोजलेलं आहे आणि त्याबद्दल कोणाचं दुमत नाही. १९६५ साली डेन्मार्कमधल्या आरहूसच्या दंतमहाविद्यालयात हॅराल्ड लो या संशोधकाने १२ निरोगी माणसांना दात साफ करणं पूर्ण बंद करायला लावलं. दहा दिवसांपासून तीन आठवड्यांच्या आत झाडून सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा साफसफाई सुरू केली, आठवडाभरात बहुतेकांच्या हिरड्या पूर्ववत. इतका सरळ आणि इतका स्वच्छ प्रयोग वैद्यकात क्वचित सापडतो. साचलेला थर काढला की सूज उतरते. काढायचा कशाने, एवढाच वाद आहे.

आता अम्मीबद्दल.

अम्मीचे दात किडले नव्हते. हे मला फार उशिरा, ती गेल्यानंतर कित्येक वर्षांनी कळलं. पन्नाशीत तिचा पुढचा खालचा दात हलायला लागला आणि एक दिवस रोटीचा तुकडा मोडताना हातात आला. अख्खा, मुळासकट, कुठे काळा डाग नाही की खड्डा नाही. पडलेले केस-नखं मातीत पुरायची आपली रीत, तसा तिने तो दात कापडात गुंडाळून परसातल्या डाळिंबाखाली पुरला. मग दुसरा, मग शेजारचे दोन. साठी यायच्या आत खालची ओळ संपली होती. डाळिंबाखाली जागा पुरेना, असं ती स्वतःच हसून म्हणायची, हसताना पदर तोंडावर धरून. तो पदर पुढे कायमचाच तिथे राहिला.

तिलाही साखर होती, पण ती कळली फार पुढे. आणि होती मशेरी. आमच्या भागातल्या बायकांना मशेरी समजावून सांगायला नको. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि बोटावर घेऊन दात-हिरड्यांना घासत बसायचं. अम्मी सकाळी चुलीजवळ पाटावर बसून मशेरी लावी. घरात दहा माणसं, दिवसभरात तिला स्वतःची म्हणावी अशी तेवढीच दहा मिनिटं. कोणी बोललं तर म्हणे, "मशेरी नै लगाई तो दिन उगताच नै रे बाबा." दात घट्ट होतात अशी तिची खात्री होती. शेजारणींचीही होती. प्रत्यक्षात तंबाखूने हिरड्या मागे सरकतात, दातांची मुळं उघडी पडतात. तोंडाच्या कॅन्सरचा धोका तर आहेच. तिचे दात म्हणजे सागवानी खांब होते, कीड न लागलेले. पायातली माती मात्र वाहून गेली होती.

दात नसलेल्या माणसाचं जेवण बघवत नाही. ती रोटी शोरव्यात भिजवून ठेवी, लगदा झाला की खाई. ज्वारीची भाकरी तिला जिवापाड आवडे, ती बंद झाली. बकरीईदला घरभर कुर्बानीचं गोश्त शिजे आणि ती आपल्या ताटातल्या बोट्या एकेक करून नातवंडांच्या ताटात सरकवी, वर म्हणे, मला आता गोश्त आवडत नाही. कवळी करून आणली, पण ती टोचे. एका स्टीलच्या पेल्यात पाण्यात पडून राही, आणि अम्मी ती फक्त लग्नाला जाताना लावी. १९९८ साली ती गेली तेव्हा गुस्ल देणाऱ्या बायकांनी तो पेला माझ्या बहिणीच्या हातात दिला. त्याचं काय करायचं ते आम्हाला कोणाला कळेना.

म्हणून पत्नीच्या चुळीचं गुलाबी पाणी पाहिल्यावर मला अमेरिकेतल्या पुस्तिकेशी फार देणंघेणं उरलं नाही. मला एवढंच जाणून घ्यायचं होतं, की हिच्या खांबांखालची माती वाहू नये यासाठी काय करता येईल. साखर आणि हिरड्या यांचं नातं दोन्हीकडून आहे. साखर वाढली की हिरड्यांचा आजार बळावतो, आणि हिरड्यांचा आजार बळावला की साखर आटोक्यात राहत नाही. कॉक्रेनच्याच २०२२ च्या आढाव्यात ३५ अभ्यासांवरून दिसलं, की हिरड्यांवर उपचार केल्यावर तीन-चार महिन्यांत तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ज्याला एचबीएवनसी म्हणतात तो, सरासरी ०.४३ टक्क्याने उतरतो. ऐकायला थोडा वाटतो, पण एखादी गोळी वाढवूनही कधी कधी एवढंच मिळतं. मात्र हा आकडा दोऱ्याचा नव्हे. तो डॉक्टरांनी हिरडीखालचं कीटण काढण्याचा आहे. मी पत्नीला हे सांगताना दोन्ही वाक्यं सांगितली. दुसरं गाळलं असतं तर माझं काम सोपं झालं असतं, पण मग माझ्यात आणि औषधाच्या जाहिरातीत फरक काय राहिला?

रक्ताचंही तिला समजावून सांगितलं. दोरा लागून कापलं तर रक्त येतं हे खरं. पण अलगद फिरवूनही येत असेल, तर ते दोऱ्याने काढलेलं नसतं. सुजलेली हिरडी ते घेऊन बसलेलीच असते. रोज साफ केलं तर बहुधा आठवडा-दोन आठवड्यांत थांबतं. नाही थांबलं तर डॉक्टर. रक्त दिसलं म्हणून साफ करणं सोडायचं, म्हणजे जखम दिसली म्हणून धुणं सोडायचं.

ती यावर गप्प बसली. मग तिने एक वेगळाच प्रश्न काढला, "रोजे में कैसा करना?"

मला हसू आलं, पण प्रश्न बरोबर होता. आणि गंमत अशी, की दातांच्या फटीचा विचार फिक्‌हवाल्यांनी दंतवैद्यांच्या कितीतरी आधी केलेला आहे. सेहरीचं काही दातात अडकलं आणि दिवसा गिळलं गेलं तर रोजा राहतो का? हनफी पुस्तकांत याला माप दिलंय: चण्याएवढं. त्याहून लहान असेल तर रोजा तुटत नाही, चण्याएवढं किंवा मोठं असेल तर तुटतो. मिसवाकबद्दल तर मतभेदही आहेत. कोकणातले आमचे भाऊ शाफई, त्यांच्याकडे रोजेदाराने दुपार कलल्यावर मिसवाक करणं नापसंत. आम्ही हनफी, आमच्याकडे दिवसभर चालतं. दोऱ्याचा मसला मी कोणा मौलानांकडे नेला नाही. तिला म्हटलं, रात्री तराविहनंतर कर, दिवसाचा प्रश्नच येत नाही. ते तिला पटलं.

मोहल्ल्यात मात्र मी हा दोरा कोणाला सांगत सुटलेलो नाही. एकदा रीळ दाखवलं तेव्हा बहीण म्हणाली, "भाई, इसके पैसे में मेरा आठ दिन का दूध आताय." ५० मीटरच्या रिळाचे हातभर तुकडे केले तर शंभरावर होतात, म्हणजे एका माणसाला साडेतीन महिने पुरतं, पण महिन्याचा हिशोब करणाऱ्या घरात रीळ एकदम विकत घ्यावं लागतं. आणि खरं सांगायचं तर ज्या घरात अजून तव्यावर मशेरी भाजली जाते, तिथे दोऱ्याच्या गोष्टी म्हणजे छप्पर गळत असताना खिडकीचा पडदा निवडणं. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी शाळेच्या वाटेवर पुड्या पडलेल्या मी रोज पाहतो. आधी तंबाखू सुटली पाहिजे. मग फ्लोराइडची टूथपेस्ट दिवसातून दोनदा, रात्रीची तर चुकवायचीच नाही. दात किडू नयेत म्हणून फ्लोराइडच्या पेस्टइतका पक्का पुरावा दोऱ्याच्या वाट्याला अजून आलेला नाही. दोरा त्यानंतर. आणि ज्यांच्या दातांमध्ये वयाने किंवा आजाराने फटी पडल्यात, त्यांनी दोऱ्याच्या आधी ते बारीक ब्रश बघावेत; बाटली घासायच्या ब्रशचं पिल्लू शोभेल असा तो प्रकार. पत्नीच्या डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या खेपेला स्वतःच ते सुचवले. धुऊन पुन्हा वापरता येतात, आणि ज्यांच्या बोटांना दोऱ्याची कसरत जमत नाही त्यांनाही जमतात.

पुढच्या दातांमध्ये ती आता तोच ब्रश वापरते. इशाची नमाज झाली की पलंगावर बसून, समोर मालिका चालू ठेवून. महिन्याभरात तिथलं रक्त थांबलं. ब्रशने थांबलं, की डॉक्टरांनी कीटण काढल्यामुळे, की त्याच काळात साखरेची गोळी बदलली म्हणून, हे एका माणसावरून कोणालाच सांगता येणार नाही. मी तिलाही तसंच सांगितलं. ती म्हणाली, "थम्या ना? बस."

डावीकडच्या शेवटच्या दोन दाढा मात्र एकमेकींना घट्ट टेकलेल्या आहेत. तिथे ब्रश शिरत नाही, दोराच हवा, आणि गाल ओढून एवढ्या मागे दोन्ही बोटं नेणं तिला जमत नाही. तेवढ्या एका फटीसाठी मी रोज रात्री चष्मा लावून दोरा तोडतो, हात धुतो आणि तिच्यासमोर खुर्ची ओढून बसतो. पहिल्या आठवड्यात तिने दोनदा माझं बोट चावलं, एकदा तर मुद्दाम. कालही तिथे थोडं रक्त आलं. पुढच्या बुधवारी डॉक्टरीणबाईंकडे जायचं आहे, त्या दाढेचा फोटो काढायचा म्हणतात.